दीड लाख विद्यापीठाच्या झोळीत टाकणारा रसायनशास्त्रज्ञ

भटनागर पुरस्काराचे नाव वृत्तपत्रांच्या वाचकांना नवे नाही. १९५८ पासून कित्येक दशके हा पुरस्कार देशातील पंचेचाळीस वर्षांखालील शास्त्रज्ञांचा सर्वोच्च सन्मान मानला गेला. २०२४ पासून तो ‘विज्ञान युवा-शांतिस्वरूप भटनागर’ या नावाने राष्ट्रीय विज्ञान पुरस्कारांच्या मालिकेत समाविष्ट झाला. मात्र ज्यांच्या नावाने हा सन्मान दिला जातो ते डॉ. शांतिस्वरूप भटनागर नेमके कोण होते, याची माहिती विज्ञानाच्या वर्तुळाबाहेर फारशी नसते. राष्ट्रीय प्रयोगशाळांचे जनक, एवढीच त्यांची ओळख पाठ्यपुस्तकांत उरली आहे. या ओळखीच्या आधीही एक मोठी गोष्ट त्यांच्या हातून घडली होती. विद्यापीठातील प्राध्यापकाने एखाद्या कंपनीची अडचण सोडवली, तर त्या ज्ञानाचा मोबदला कोणाचा? प्राध्यापकाचा, विद्यापीठाचा की समाजाचा? आज विद्यापीठांच्या पेटंट कक्षांत ज्या प्रश्नावर करारांचे मसुदे लिहिले जातात, त्याचे एक उत्तर या माणसाने १९३० च्या दशकात लाहोरमध्ये आपल्या कृतीने देऊन ठेवले होते.

आजोळचे संस्कार

शांतिस्वरूप भटनागर यांचा जन्म २१ फेब्रुवारी १८९४ रोजी तत्कालीन पंजाबातील शाहपूर जिल्ह्यातल्या भेरा या गावी झाला. हे गाव आता पाकिस्तानात आहे. मूल अवघे आठ महिन्यांचे असताना वडील परमेश्वरी सहाय यांचे निधन झाले आणि आईला माहेरचा आसरा घ्यावा लागला. संयुक्त प्रांतातील बुलंदशहर जिल्ह्यात सिकंदराबाद येथे आजोळी शांतिस्वरूपांचे बालपण गेले. आजोबा अभियंता होते. रुडकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले होते. घरातील उपकरणे, नकाशे आणि यंत्रांचे सुटे भाग हीच नातवाची खेळणी झाली. पितृछत्र हरपलेल्या या मुलाला पैशाची चणचण लहानपणीच कळली आणि यंत्रांची गोडीही त्याच वयात लागली.

१९०८ मध्ये वडिलांचे स्नेही लाला रघुनाथ सहाय यांनी या मुलाला शिक्षणासाठी लाहोरला नेले. रघुनाथ सहाय तेथील दयालसिंग हायस्कूलचे मुख्याध्यापक होते. पुढे त्यांचीच कन्या लाजवंती हिच्याशी शांतिस्वरूपांचा विवाह झाला. लाहोर हे त्या काळी उत्तर हिंदुस्थानातील विद्येचे मोठे केंद्र होते. तेथे या मुलाची दुहेरी ओढ दिसून आली. १९११ मध्ये अलाहाबादच्या ‘लीडर’ या वृत्तपत्रात त्याचे एक पत्र छापून आले. विजेच्या बॅटरीत लागणाऱ्या कार्बनच्या कांड्यांना पर्याय म्हणून मळी आणि कार्बनयुक्त पदार्थ यांच्यापासून दाब व उष्णतेच्या साहाय्याने कांड्या कशा तयार करता येतील, याचे विवेचन त्यात होते. त्याच सुमारास दयालसिंग महाविद्यालयात प्रवेश घेतल्यावर त्याने ‘करामाती’ नावाची उर्दू एकांकिका लिहिली आणि तिलाही पारितोषिक मिळाले. टाकाऊ मळीतून उपयोगी वस्तू काढण्याचा ध्यास आणि उर्दू लेखनाची आवड, या दोन्ही गोष्टी त्याला अखेरपर्यंत सोडून गेल्या नाहीत.

फोरमन ख्रिश्चन महाविद्यालयातून १९१६ मध्ये बी.एस्सी. आणि १९१९ मध्ये एम.एस्सी. झाल्यावर दयालसिंग महाविद्यालयाच्या विश्वस्तांनी त्यांना परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली. जायचे होते अमेरिकेला. परंतु पहिले महायुद्ध नुकतेच संपले होते, मायदेशी परतणाऱ्या अमेरिकी सैनिकांनी जहाजे भरून गेली होती आणि इंग्लंडहून पुढच्या प्रवासासाठी जागाच मिळेना. अखेर विश्वस्तांच्या संमतीने भटनागर लंडनमध्येच थांबले आणि युनिव्हर्सिटी कॉलेजात प्रा. एफ. जी. डोनन यांच्या हाताखाली संशोधन करू लागले. या योगायोगाने त्यांच्या आयुष्याची दिशा निश्चित केली. डोनन हे कलिल रसायनशास्त्राचे मोठे अभ्यासक होते. पाण्यात विरघळत नाहीत, पण तळाशीही बसत नाहीत, अशा अतिसूक्ष्म कणांच्या वर्तनाचे हे शास्त्र. मेदाम्लांचे क्षार तेलात मिसळले असता तेलाच्या पृष्ठताणावर काय परिणाम होतो, हा भटनागरांच्या प्रबंधाचा विषय होता. १९२१ मध्ये त्यांना डी.एस्सी. ही पदवी मिळाली. संशोधनाच्या काळात ब्रिटनच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभागाकडून त्यांना वर्षाला अडीचशे पौंडांची मदत मिळत होती. सरकारने उद्योगोपयोगी संशोधनासाठी वेगळे खाते उघडावे, ही कल्पना त्यांनी अशी स्वतः लाभार्थी होऊन पाहिली.

विज्ञान आणि व्यवहार

१९२१ च्या ऑगस्टमध्ये मायदेशी परतल्यावर पंडित मदनमोहन मालवीय यांच्या बनारस हिंदू विद्यापीठात ते रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. तेथील वास्तव्य जेमतेम तीन वर्षांचे. परंतु त्या विद्यापीठाचे कुलगीत भटनागरांचे आहे, हे आजही अनेकांना सांगावे लागते. १९२४ मध्ये ते लाहोरला पंजाब विद्यापीठात भौतिकी रसायनशास्त्राचे प्राध्यापक आणि विद्यापीठाच्या रासायनिक प्रयोगशाळांचे संचालक म्हणून रुजू झाले. पुढील सोळा वर्षे हा त्यांच्या शास्त्रीय कामगिरीचा सर्वांत फलदायी काळ ठरला.

शुद्ध विज्ञानात त्यांचे नाव चुंबकीय रसायनशास्त्राशी जोडले गेले. पदार्थांच्या चुंबकीय गुणधर्मांवरून त्यांच्या रासायनिक रचनेचा आणि अभिक्रियांचा माग काढणारी ही शाखा तेव्हा बाल्यावस्थेत होती. १९२८ मध्ये के. एन. माथुर यांच्यासह त्यांनी अत्यंत सूक्ष्म चुंबकीय परिणाम मोजणारा तराजू तयार केला. ‘भटनागर-माथुर चुंबकीय व्यतिकरण तराजू’ या नावाने तो ओळखला गेला आणि लंडनच्या अॅडम हिल्गर या कंपनीने त्याचे उत्पादन करून तो बाजारात आणला. हिंदुस्थानी विद्यापीठात घडलेले उपकरण विलायतेत तयार होऊन विकले जावे, ही त्या काळी दुर्मीळ गोष्ट होती. १९३५ मध्ये या दोघांनी लिहिलेला चुंबकीय रसायनशास्त्रावरील ग्रंथ मॅकमिलनने प्रसिद्ध केला.

मात्र भटनागरांच्या प्रयोगशाळेचे दार केवळ विद्यार्थ्यांसाठी उघडे नव्हते. पंजाबातील ख्यातनाम अभियंते आणि दानशूर गृहस्थ सर गंगाराम यांनी त्यांच्यासमोर एक साधा प्रश्न ठेवला होता. उसाची चिपाडे वाया जातात, त्यांच्यापासून गुरांसाठी पेंड करता येईल का? उद्योगाकडून त्यांच्याकडे आलेला हा पहिला प्रश्न. तो त्यांनी सोडवला आणि त्यानंतर कारखानदारांची रीघ लागली. दिल्ली क्लॉथ मिल्स, कानपूरची जे. के. मिल्स, लायलपूरची गणेश फ्लोअर मिल्स, मुंबईच्या टाटा समूहातील टाटा ऑइल मिल्स अशा कंपन्यांच्या अडचणी लाहोरच्या प्रयोगशाळेत येऊ लागल्या. कापूस, तेल, पीठ, साखर या रोजच्या धंद्यांतील हे प्रश्न होते. विद्यापीठातील विद्वानाने अशा कामाला हात लावणे काहींना कमीपणाचे वाटत असे. भटनागरांना तसे कधी वाटले नाही.

मीठ, चिखल आणि डिंक

त्यांच्या जीवनाला कलाटणी देणारा प्रश्न आला तो जमिनीच्या पोटातून. रावळपिंडी येथे अॅटॉक ऑइल कंपनी तेलविहिरी खणत होती. लंडनची स्टील ब्रदर्स ही कंपनी तिच्या पाठीशी होती. तेलविहीर खणताना बरमा फिरत असतो तेव्हा माती आणि पाण्याचा पातळ चिखल नळातून सतत खाली सोडला जातो. हा चिखल बरम्याला थंड ठेवतो, खडकाचा भुगा वर वाहून आणतो आणि आपल्या वजनाने खालचे वायू व द्रव दाबून धरतो. तो वाहता राहिला तरच काम पुढे सरकते. पंजाबच्या त्या पट्ट्यात जमिनीखाली खारे पाणी आणि मिठाचे थर होते. चिखलाचा मिठाशी संबंध आला की तो घट्ट होई आणि अखेर दगडासारखा कठीण बने. बरमा जागीच अडकून पडे आणि काम ठप्प होई.

ही अडचण यंत्राची आहे, असे समजून तिच्यावर यांत्रिक उपाय शोधणे स्वाभाविक होते. भटनागरांनी मात्र ती कलिल रसायनशास्त्राची अडचण आहे, हे ओळखले. मातीच्या अतिसूक्ष्म कणांवर सारख्याच प्रकारचा विद्युत्भार असतो. त्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलतात आणि पाण्यात तरंगत राहतात. मिठाचे आयन त्यात मिसळले की हा भार निष्प्रभ होतो, कण एकमेकांना चिकटतात आणि चिखलाचे गोळे होतात. कणांभोवती एखादे संरक्षक आवरण चढवता आले, तर मिठाचा हा परिणाम टाळता येईल. भटनागरांनी त्यासाठी शोधलेला पदार्थ होता आपल्याकडे सहज मिळणारा डिंक. तो मिसळताच चिखलाचा दाटपणा कमी झाला आणि मिठाला तोंड देण्याची त्याची शक्ती वाढली. लंडनमध्ये डोनन यांच्याकडे गिरवलेले धडे रावळपिंडीच्या विहिरीत उपयोगी पडले.

स्टील ब्रदर्स कंपनी या उपायावर इतकी प्रसन्न झाली, की पेट्रोलियमशी संबंधित कोणत्याही विषयावरील संशोधनासाठी तिने भटनागरांना दीड लाख रुपये देऊ केले. १९३० च्या दशकातील दीड लाख म्हणजे प्राध्यापकाच्या दृष्टीने डोळे दिपवणारी रक्कम. भटनागरांच्या डोक्यावर वडिलोपार्जित संपत्तीचे छत्र नव्हते. त्यांचे सारे शिक्षण आप्तांच्या आणि विश्वस्तांच्या आधाराने झाले होते. उपाय त्यांनी स्वतः शोधला होता. आपल्या नावाने करार करून त्यांनी हा पैसा स्वतःच्या हाती ठेवला असता, तर त्यांना दोष देणे कोणालाही सोपे गेले नसते.

भटनागरांनी तसे केले नाही. पैसा विद्यापीठामार्फत यावा, असा आग्रह त्यांनी धरला. त्या रकमेतून पंजाब विद्यापीठात त्यांच्या मार्गदर्शनाखाली पेट्रोलियम संशोधनाचा स्वतंत्र विभाग उभा राहिला. मेणाचा दुर्गंध घालवणे, रॉकेलच्या ज्योतीची उंची वाढवणे, खनिज तेल आणि वनस्पती तेलांच्या उद्योगांतील टाकाऊ पदार्थांचा उपयोग करणे, अशा विषयांवर तेथे संशोधन सुरू झाले. त्याचे व्यापारी महत्त्व ओळखून कंपनीने निधी वाढवला आणि कराराची मुदत पाच वर्षांवरून दहा वर्षांवर नेली.

या व्यवहाराचे वैशिष्ट्य केवळ त्यागात नाही. भटनागर हे संन्यस्त वृत्तीचे नव्हते. ज्ञानाला बाजारात किंमत असते आणि ती वसूल केली पाहिजे, हे त्यांना मान्य होते. त्यांनी कंपनीला फुकट सल्ला दिला नाही आणि पैसाही नाकारला नाही. त्यांनी फक्त पैशाचा पत्ता बदलला. प्राध्यापकाच्या खिशात गेलेली रक्कम एका घराला पुरते. विद्यापीठात गेलेली रक्कम नव्या संशोधकांना उपकरणे, शिष्यवृत्ती आणि पुढचा प्रश्न देते. कंपनीलाही त्यात तोटा नव्हता. एका माणसाच्या बुद्धीऐवजी एक संपूर्ण विभाग तिच्या कामाला लागला. शिवाय लोकांच्या पैशाने उभारलेल्या प्रयोगशाळेचा खासगी लाभासाठी वापर झाला, असा आक्षेप घेण्यास जागा उरली नाही.

या निर्णयाचा गवगवा देशभर झाला. थोर भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहा यांनी १९३४ मध्ये भटनागरांना पत्र लिहून त्यांचे अभिनंदन केले. या कृतीने विद्यापीठातील शिक्षकांची समाजातील पत उंचावली आहे, असा त्यांच्या लिहिण्याचा आशय होता. त्याच सुमारास, १ ऑक्टोबर १९३३ रोजी, मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग सुरू केला होता. माटुंग्याच्या या विभागानेही पुढे उद्योगाशी जवळचे नाते जोडले. लाहोर आणि मुंबई या दोन्ही ठिकाणी विद्यापीठे कारखान्यांशी बोलू लागली होती.

युद्धाने दिलेली संधी

१९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि परदेशातून येणारी रसायने, रंग, औषधे यांचा ओघ आटला. देशातच पर्याय शोधण्याची निकड निर्माण झाली. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील सदस्य सर रामस्वामी मुदलियार यांच्या पुढाकाराने १ एप्रिल १९४० रोजी वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन मंडळ स्थापन झाले. मंडळाची मुदत दोन वर्षांची आणि वार्षिक तरतूद पाच लाख रुपयांची होती. भटनागर त्याचे संचालक झाले. लाहोरचे विद्यापीठ सोडून ते कलकत्त्याच्या अलिपूर भागातील सरकारी चाचणीगृहात दाखल झाले. बलुचिस्तानातील गंधकाचे शुद्धीकरण, विषारी वायूपासून बचाव करणारे कापड, वनस्पती तेलांपासून इंधन व वंगण, टाकाऊ पदार्थांपासून प्लास्टिक, विमानातून टाकले तरी न फुटणारे डबे अशी कामे तेथे झाली. १९४१ मध्ये सरकारने त्यांना ‘सर’ हा किताब दिला आणि १९४३ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य निवडले गेले.

प्रयोगशाळेत पद्धत सापडणे आणि कारखान्यात माल तयार होणे यांत मोठी दरी असते, हे भटनागरांना लाहोरच्या अनुभवाने ठाऊक होते. संशोधनाचे निष्कर्ष कागदावरच राहू नयेत म्हणून १९४१ च्या आरंभी औद्योगिक संशोधन उपयोजन समिती नेमण्यात आली. कारखानदारांना कोणत्या पद्धती, कोणत्या अटींवर द्यायच्या, हे ठरवण्याची ती यंत्रणा होती. उद्योगांकडून मिळणारी रॉयल्टी सरकारी तिजोरीत हरवून न जाता स्वतंत्र निधीत जमा व्हावी आणि पुढील औद्योगिक संशोधनावरच खर्च व्हावी, यालाही सरकारने मान्यता दिली. लाहोरमध्ये एका प्राध्यापकाने स्वेच्छेने जे केले, तेच तत्त्व आता सरकारी नियमाच्या रूपाने आले. १९४१ च्या नोव्हेंबरमध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात पाच वर्षांसाठी दरवर्षी दहा लाख रुपयांच्या निधीचा प्रस्ताव मांडला गेला आणि २६ सप्टेंबर १९४२ रोजी वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद, म्हणजेच सीएसआयआर, ही स्वायत्त संस्था जन्माला आली.

पुण्याच्या पाषाण रस्त्यावर

परिषदेच्या आराखड्यात राष्ट्रीय प्रयोगशाळांची साखळी होती. रसायन, भौतिकी, धातू, इंधन, काच व मृत्तिका या विषयांच्या पाच प्रयोगशाळा प्रथम उभारायच्या ठरल्या. सरकारच्या जोडीने उद्योगांनीही पैसा घालावा, यासाठी भटनागरांनी दारे ठोठावली. टाटा समूहाने मोठी देणगी दिली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेला त्यातील ८ लाख ३० हजार रुपये मिळाले. ६ एप्रिल १९४७ रोजी मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री बाळ गंगाधर खेर यांच्या हस्ते पाषाण रस्त्यावर या प्रयोगशाळेची कोनशिला बसली आणि ३ जानेवारी १९५० रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांनी तिचे उद्घाटन केले. जे. डब्ल्यू. मॅकबेन हे कलिल रसायनशास्त्राचे नामवंत तज्ज्ञ तिचे पहिले संचालक झाले. त्याच महिन्यात, २१ जानेवारीला, दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे उद्घाटन सरदार पटेल यांच्या हस्ते झाले.

दरम्यान भटनागरांच्या खासगी आयुष्यावर आघात झाला होता. १९४६ मध्ये पत्नी लाजवंती यांचे निधन झाले. त्यांच्या उर्दू कवितांचा संग्रह पुढे पत्नीच्याच नावाने प्रसिद्ध झाला. १९४७ च्या फाळणीत जन्मगाव भेरा आणि कर्मभूमी लाहोर दोन्ही सीमेपलीकडे गेली. विद्यापीठ आणि उद्योग यांच्या सहकार्याचा जो प्रयोग त्यांनी उभा केला होता, तो आता परक्या देशात होता.

कामाचा व्याप मात्र वाढतच राहिला. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या अणुऊर्जा आयोगात डॉ. होमी भाभा आणि डॉ. के. एस. कृष्णन यांच्यासह ते तिसरे सदस्य होते. शिक्षण आणि नैसर्गिक साधनसंपत्ती या खात्यांत त्यांनी सचिवपद सांभाळले. केरळच्या वाळूतील मोनाझाइटवर प्रक्रिया करणाऱ्या इंडियन रेअर अर्थ्स या कंपनीच्या उभारणीत त्यांचा सहभाग होता. तुर्भे येथील तेलशुद्धीकरण कारखान्यांसाठी परदेशी तेलकंपन्यांशी झालेल्या वाटाघाटींतही सरकारने त्यांच्यावर भिस्त ठेवली. एकेकाळी तेलविहिरीच्या चिखलाने तेलकंपनीशी जोडलेला हा प्राध्यापक आता देशाच्या वतीने तेलकंपन्यांसमोर बसला होता.

टीकेचे मोहोळ

या झपाट्यावर सर्वच शास्त्रज्ञ खूश नव्हते. सर सी. व्ही. रामन यांनी सरकारी प्रयोगशाळांच्या या विस्तारावर तिखट टीका केली. अधिक जिव्हारी लागणारा आक्षेप मेघनाद साहा यांचा होता. संशोधनाची खरी जागा विद्यापीठ हीच आहे. चांगली माणसे आणि पैसा वेगळ्या सरकारी प्रयोगशाळांकडे वळला तर विद्यापीठे ओस पडतील आणि पुढच्या पिढीचे संशोधक घडणार नाहीत, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९३४ मध्ये विद्यापीठीय शिक्षकाची पत वाढवल्याबद्दल भटनागरांचे अभिनंदन करणारे साहाच आता हा इशारा देत होते, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

या आक्षेपात तथ्य होते, हे काळाने दाखवून दिले. प्रयोगशाळा एकीकडे, विद्यार्थी दुसरीकडे आणि कारखाना तिसरीकडे अशी विभागणी पुढील अनेक दशके भारतीय विज्ञानाला भोवली. परंतु भटनागरांची बाजूही समजून घेतली पाहिजे. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर विद्यापीठांकडे निधी तुटपुंजा होता आणि मोठी यंत्रसामग्री जवळपास नव्हती. परिषदेच्या निधीतून विद्यापीठांतील संशोधनालाही अनुदाने दिली जात होती. एकेका विद्यापीठात असा विभाग उभा राहीपर्यंत थांबण्याइतका वेळ देशापाशी नाही, असा त्यांचा हिशेब होता. लाहोरचा प्रयोग यशस्वी झाला, कारण तेथे विद्यार्थी, प्राध्यापक आणि उद्योग एकाच छताखाली होते. राष्ट्रीय प्रयोगशाळांचा आराखडा आखताना ही एक कडी निसटली.

अखेरच्या दोन वर्षांत त्यांच्याकडे आलेल्या जबाबदाऱ्या पाहिल्या तर ही कडी जोडण्याची संधी त्यांना मिळाली होती, असे दिसते. १९५३ च्या डिसेंबरमध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचे उद्घाटन झाले आणि भटनागर त्याचे पहिले अध्यक्ष झाले. त्याच महिन्याच्या अखेरच्या दिवशी राष्ट्रीय संशोधन विकास महामंडळ स्थापन झाले. सरकारी प्रयोगशाळांतील शोधांची पेटंटे हाताळणे, कारखानदारांना परवाने देणे आणि प्रयोगशाळा व कारखाना यांतील दरी भरून काढणे, हे त्याचे काम. एका हातात विद्यापीठांचे अनुदान आणि दुसऱ्या हातात पेटंटांच्या परवान्यांची यंत्रणा, असा योग जुळून आला होता. १९५४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. मात्र १ जानेवारी १९५५ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने नवी दिल्लीत त्यांचे निधन झाले. साठी ओलांडून त्यांना वर्षही झाले नव्हते. तोपर्यंत बारा प्रयोगशाळा उभ्या राहिल्या होत्या.

आजचा प्रश्न

भटनागरांच्या मृत्यूनंतर जगात बरेच काही बदलले. अमेरिकेने १९८० मध्ये कायदा करून सरकारी पैशातून झालेल्या संशोधनाचे पेटंट विद्यापीठांना घेण्याची मुभा दिली आणि तेथील विद्यापीठांत परवाने देणारी कार्यालये सर्रास उभी राहिली. १९९० च्या दशकात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने पॉलिकार्बोनेटसंबंधीच्या आपल्या पेटंटांचे परवाने जनरल इलेक्ट्रिक या बलाढ्य अमेरिकी कंपनीला दिले. तंत्रज्ञान परदेशातून आणण्याची सवय असलेल्या देशाने ते परदेशाला विकल्याचे ते ठळक उदाहरण ठरले. अमेरिकी धर्तीवर भारतातही २००८ च्या डिसेंबरमध्ये राज्यसभेत एक विधेयक मांडण्यात आले. संशोधकाला उत्पन्नातील किमान तीस टक्के वाटा देण्याची तरतूद त्यात होती. सार्वजनिक पैशातून निर्माण झालेले ज्ञान कुंपणात बंदिस्त होईल, असा आक्षेप घेतला गेला. बरीच चर्चा झाली आणि २०१४ मध्ये ते मागे घेण्यात आले.

त्यामुळे ज्ञानाच्या मोबदल्याचा प्रश्न आजही प्रत्येक विद्यापीठाला आपापल्या नियमांनी सोडवावा लागतो. संशोधकाला काहीच मिळाले नाही तर त्याचा उत्साह मावळतो. सारे त्यालाच मिळाले तर विद्यापीठाचे दुकान होते. भटनागरांनी निवडलेला मार्ग प्रत्येकाला मानवेल असे नाही आणि कायद्याने तो कोणावर लादताही येणार नाही. पण त्यामागील हिशेब आजच्या करारांनाही लागू पडतो. कंपनीकडून ज्ञानाची पुरेपूर किंमत घ्यावी, तिचा व्यवहार संस्थेच्या नावाने व उघडपणे व्हावा आणि आलेल्या पैशातून पुढचे संशोधन घडावे, ही त्याची तीन कलमे. स्टील ब्रदर्सच्या दीड लाखांतून लाहोरला एका प्राध्यापकाचा बंगला उभा राहू शकला असता. त्याऐवजी तेथे एक प्रयोगशाळा उभी राहिली आणि तिच्या अनुभवावर पुढे एका देशाच्या औद्योगिक संशोधनाची पायाभरणी झाली.